इतिहासकार घरी राहतो, परिचारिका जाते

डायना गॅबाल्डन यांच्या 'आउटलँडर' मालिकेच्या सुरुवातीला एक इतिहासकार आणि त्याची परिचारिका बायको भेटतात. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, दोघं स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला सुट्टीवर आलेली. फ्रँक रँडल अठराव्या शतकातल्या आपल्या एका पूर्वजाचा कागदोपत्री माग काढतोय. नाव, पलटण, हुद्दा एवढं हाती लागलं की त्याला आनंद होतो. क्लेअरला जुन्या कागदांपेक्षा झाडाझुडपांत अधिक रस. एक रोपटं बघायला ती उभ्या शिळांच्या वर्तुळात परत जाते आणि १७४३ सालात जाऊन पडते. तिथे सुरुवातीलाच तिच्यासमोर उभा ठाकतो तो नवऱ्याचा तोच पूर्वज. त्या माणसाचं क्रौर्य केवढं आहे, हे फ्रँकच्या कागदांत कुठेच नव्हतं.

मला वाटतं, ही सगळी मालिका या एका निवडीवर उभी आहे. इतिहासकार घरी राहतो, परिचारिका जाते.

पहिलं पुस्तक १९९१ साली आलं, नववं २०२१ साली. बहुतेक खंड आठशे-हजार पानांच्या आसपासचे. विशीत पहिला खंड हातात घेतलेली बाई नववा खंड वाचेपर्यंत पन्नाशीला आली. मधल्या काळात क्लेअर आणि तिचा हायलँडर नवरा जेमी फ्रेझरही पुस्तकात म्हातारे होत गेले. एवढं लांबलचक प्रेमाचं पुस्तक, त्यात कालप्रवास, त्यात इतिहास: हे ऐकून पुष्कळ गंभीर वाचक नाक मुरडतात. मुळशीच्या पावसाळ्यात मी हे खंड एकामागून एक वाचले, आणि मला ते अतिशय गंभीर पुस्तक वाटतं. का, ते सांगायचा प्रयत्न करते.

क्लेअरला पुढचं ठाऊक आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने लढणारे हायलँडर तासाभराच्या आत कापले जाणार आहेत. त्यानंतर त्यांची शस्त्रं जातील, चौकड्यांच्या कापडावर बंदी येईल, कुळप्रमुखांचे अधिकार काढून घेतले जातील आणि पुढच्या काळात मेंढ्यांच्या कुरणांसाठी माणसांची गावंच्या गावं उठवली जातील. दुसऱ्या खंडात ती आणि जेमी पॅरिसला जाऊन राजपुत्राचं बंड पैशाअभावी उभंच राहू नये म्हणून धडपडतात. जमत नाही. लढाई ठरल्या दिवशी होते.

मराठी वाचकाला हे दुखणं परकं नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना लागलेली ती गोळी आपण मनातल्या मनात किती वेळा बाजूला सारली असेल! जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत ती खरोखर सारली. गोळी कानाला चाटून जाते, मराठे जिंकतात, हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो आणि आपल्या जगातले गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगातल्या मुंबईत जाऊन पोचतात. मराठी विज्ञानकथेतली ही फार मोठी झेप आहे. पण त्या कथेत गंगाधरपंत काय करतात, ते आठवून पाहा. ते ग्रंथालय गाठतात. इतिहासाची पुस्तकं मागवतात आणि वाट नेमकी कुठे फुटली ते शोधतात. ते इतिहासकार आहेत, दुसरं काय करणार! त्यांना कुठे वळण लागलं ते हवं आहे, आणि ते कळलं की त्यांचं तिथलं काम जवळजवळ संपतं. त्या वेगळ्या मुंबईत संसार कसे चालतात, आजाऱ्याची शुश्रूषा कशी होते, हे विचारायला त्यांना सवड नाही. लघुकथेला तेवढी जागाही नसते.

क्लेअरची गोष्ट उलट दिशेने जाते. इतिहास तिच्याच्याने बदलत नाही, तरी तिला तिथे राहायचं आहे. मग उरतं ते रोजचं काम. कोणाचा खांदा निखळलाय तो बसवायचा, कोणाची जखम चिघळलीय ती धुवायची, बाळंतिणीजवळ रात्र काढायची. पुढच्या खंडांत ही मंडळी समुद्रापार उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरात वस्ती करतात, तेव्हा ती शिळ्या अन्नावरच्या बुरशीतून पेनिसिलिन तयार करायच्या खटपटीला लागते. पानंच्या पानं त्यातच जातात आणि मला ती पानं फार आवडतात. लढाई होणार हे माहीत असलेली बाई लढाईच्या आदल्या महिन्यात जर एखाद्या पोराची खरूज बरी करत असेल, तर ते काम व्यर्थ आहे का? मालिका हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या भाषेत कधीच विचारत नाही. ती फक्त त्या पोराला नाव देते, त्याची आई दाखवते आणि चारशे पानांनंतर तो पोरगा पुन्हा दारात येतो. लांबीचा उपयोग हा असा. तारखेआधीचे दिवस मोजून दाखवायला जागा लागते.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीशी हे ताडून पाहावंसं वाटतं. हरि नारायण आपटे, नाथमाधव यांच्यापासून रणजित देसाई, ना. सं. इनामदार, विश्वास पाटील यांच्यापर्यंत आपण ज्या कादंबऱ्यांवर वाढलो, त्यांतल्या गाजलेल्या बहुतेकांच्या मध्यभागी इतिहासातली खरी, मोठी व्यक्ती आहे. त्यामुळे कादंबरीकाराचे हात बांधलेले असतात. 'स्वामी'तले माधवराव १७७२ साली २७व्या वर्षी थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार. 'राऊ'तला बाजीराव १७४० साली रावेरखेडीला चाळिशीच्या आतच संपणार. त्यामुळे आपल्याकडची गाजलेली ऐतिहासिक प्रेमकथा बहुधा तरुणपणीच तुटते, आणि तुटण्यातच तिचं तेज आहे असं आपण धरून चाललो आहोत. गुडघे दुखणाऱ्या, चष्मा लागलेल्या, एकमेकांच्या सवयींना कंटाळून पुन्हा जवळ येणाऱ्या नवरा-बायकोची ऐतिहासिक कादंबरी आपल्याकडे सहसा दिसत नाही. जेमी आणि क्लेअर ही कल्पनेतली साधी माणसं आहेत, म्हणून त्यांना म्हातारपण मिळतं. कलोडननंतर त्यांची वीस वर्षांची ताटातूट होते. ती आपल्या काळात परत जाऊन डॉक्टर होते, मुलगी वाढवते आणि मग त्या तरुण मुलीला मागे ठेवून पुन्हा शिळांतून जाते. एडिंबरोच्या एका छापखान्यात दोघांची गाठ पडते, तेव्हा दोघंही चाळिशीच्या पुढे गेलेली आहेत. आपण अजून आवडू का, ही धास्ती दोघांच्याही चेहऱ्यावर आहे. प्रौढ वयातल्या प्रेमावर मी वाचलेलं इतकं खरं फार थोडं आहे.

(थेऊरला क्लेअर असती तर? हा खेळ मी मनात खेळून पाहिला. तिचं पेनिसिलिन माधवरावांच्या क्षयावर चाललं नसतं, त्याला स्ट्रेप्टोमायसिन लागतं. ती उशाशी बसली असती, खिडकी उघडी ठेवायला लावली असती आणि रमाबाईंशी बोलली असती. तेही कादंबरीला पुरलं असतं.)

या मालिकेत खटकणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या लहान नाहीत. बलात्काराचे प्रसंग इतक्यांदा येतात की एका टप्प्यानंतर ते कथानक पुढे ढकलायचं साधन वाटू लागतं, आणि ते मला पटत नाही. अमेरिकेतले गुलाम आणि मूळनिवासी यांना हायलँडरांइतकं आतून पाहिलेलं नाही. पाचव्या खंडात एका मेळाव्याचा एकच दिवस संपता संपत नाही. पण या दोषांमुळे हा लेखनप्रकारच हलका ठरत नाही. ग्रंथालयात प्रेमाच्या कादंबऱ्या नेणाऱ्या बायकांकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तिच्यावर माझा राग आहे. इतिहासातल्या एखाद्या काळाबद्दल कुतूहल वाटणं वेगळं आणि त्या काळातल्या एका माणसासाठी आपला काळ सोडावासा वाटणं वेगळं. प्रेमकथा ही दुसरी गोष्ट घडवून आणते. एकदा ती घडली की त्या काळातला दुष्काळ, कर, साथ, पलटणी हे सगळं आपल्या घरावर आल्यासारखं वाचलं जातं.

कलोडनचे पराभूत पुढे कुठे गेले, हे वाचतानाही मी मराठी वाचक होते, हे मला विसरता येत नव्हतं. कारण त्यांच्यातले काही आपल्याकडे आले. ज्या सरकारने हायलँडरांना चिरडलं, त्याच सरकारने त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या पलटणी उभ्या केल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आत्ताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेवर चालून गेलेल्या इंग्रजी सैन्यात ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. त्यांतली ७८वी १७९३ साली मॅकेंझी कुळाच्या प्रमुखाने उभारलेली, आणि कादंबरीत जेमीचं आजोळ मॅकेंझींचंच. हरलेल्या डोंगरी लोकांची नातवंडं दुसऱ्या एका मुलखाच्या पाडावासाठी वापरली गेली. त्यानंतर १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला तो जेम्स ग्रँट डफने. तोही स्कॉटच, बॅन्फ गावचा. त्याच्या चुका तरुण वयात दाखवून देणारे नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्यापासून आपली स्वतःची इतिहासदृष्टी घडू लागली. कागदांची ही बाजू आपण पुढे नेटाने लढवली. दिवसांची बाजू मात्र तशी लढवली गेली नाही.

हे मला मुळशीत राहून जास्त जाणवतं. पौडवरून ताम्हिणीकडे निघालं की डाव्या-उजव्या वळणांवर धरणाचं पाणी दिसत राहतं. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्यांची रांग लागते. याच तालुक्यात हिंजवडीही आहे, आणि तिथल्या संगणकांसमोर बसणाऱ्या तरुण मुलींमध्ये 'आउटलँडर'च्या वाचक असणार याची मला खात्री आहे. या पाण्याखाली गावं आहेत. टाटा कंपनीने निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं, ते मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याला सोडायचं आणि तिथे वीज करायची, अशी योजना. त्यासाठी मावळ्यांची पन्नासेक गावं उठणार होती. १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. तारीख होती १६ एप्रिल.

कलोडनचीही १६ एप्रिलच. या योगायोगात अर्थ भरायचा नाही, हे मला कळतं. पण दुसरा एक धागा योगायोगाच्या पलीकडचा आहे. या सत्याग्रहाने ज्यांना 'सेनापती' ही पदवी मिळवून दिली, ते पांडुरंग महादेव बापट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिष्यवृत्ती घेऊन अभियांत्रिकी शिकायला एडिंबरोला गेले होते, आणि तिथून पुढे बॉम्बची विद्या शिकायला पॅरिसला. जेमीचा छापखाना एडिंबरोत आणि बंड रोखायची धडपड पॅरिसमध्ये. कादंबरीतल्या रस्त्यांवरून प्रत्यक्षात एक पारनेरचा माणूस चालून आला आणि मुळशीत उभा राहिला.

त्या लढ्याचं पुढे काय झालं ते माहीत आहे. सुरुवातीला काम काही काळ थांबलं. पुण्यातल्या सावकारांना भरपाईचे पैसे घेऊन मोकळं व्हायचं होतं, कुळांना जमीन सोडायची नव्हती आणि ती फूट लढ्याला भोवली. काम पुन्हा सुरू झालं, माणसं तुरुंगात गेली. शेवटी १९२४मध्ये बापटांनी हाती पिस्तूल घेऊन कामाची रेल्वे अडवली, त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. विनायकराव भुस्कुट्यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं, राजेंद्र व्होरांनी अभ्यासग्रंथ लिहिला. दोन्ही मोलाचे. फ्रँक रँडलचं काम झालेलं आहे.

आता कोणीतरी क्लेअर पाठवायला हवी. मुळशीची मोठी, हजार पानांची, लाज न बाळगता प्रेमकथा असलेली कादंबरी मला वाचायची आहे. हिंजवडीत नोकरी करणारी एखादी मुलगी, शक्यतो परिचारिका, १९२१च्या चैत्रात या खोऱ्यात जाऊन पोचते. सावकाराच्या वहीत ज्यांची फक्त नावं आणि देणी आहेत, त्यांच्या घरात ती राहते. तिथल्या एका कुळाच्या मुलावर तिचा जीव जडतो. धरण होणार हे तिला ठाऊक आहे, कारण त्या धरणाच्या काठाने ती शेकडो वेळा गेली आहे.

चैत्र-वैशाख म्हणजे राब भाजायचे दिवस. शेण, पालापाचोळा, कवळं खाचरात पसरून पेटवायची, म्हणजे पावसाच्या तोंडावर भाताचं रोप जोमाने येतं. सत्याग्रह सुरू झाला तो नेमका याच दिवसांत. घरातली म्हातारी तिला विचारेल, कारण ही पोर शिकलेली आहे, पुण्याकडून आलेली आहे: "यंदा राब भाजू का गं? जमीन राहील का आमची?" गंगाधरपंतांना या प्रश्नाचं अर्धं उत्तर देता आलं असतं. मुलीला दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला मारतं. लेखिकेने इथे घाई करू नये. मुलीने कवळं डोक्यावर घ्यावीत, म्हातारीबरोबर खाचरात जावं आणि संध्याकाळपर्यंत काम करावं. त्या वर्षीची आवणी झाली, भात कापलं गेलं, कोणाचं तरी लग्न झालं, कोणी तुरुंगात गेलं, मूल झालं. पहिल्या खंडाला एवढं पुरे. १९२४ तिसऱ्या खंडात यावं.