घर सोडावे की घरातच राहावे?



पावसाळा तोंडावर आला आहे. गेल्या आठवड्यात लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेत एका भगिनीने आम्हाला विचारले, "फादर, वादळाची सूचना आली आणि तलाठी येऊन म्हणाले, शाळेत चला, तर जायचे की देवावर भरवसा ठेवून घरीच राहायचे?" काहीजण हसले. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जो जातो त्याचा विश्वास कमी आणि जो राहतो त्याचा जास्त, असे आपल्यापैकी पुष्कळांना मनातून वाटते.

संत योसेफाकडे पाहा. स्वप्नात दूताने सांगितले आणि तो रात्रीच उठला, बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसरच्या वाटेला लागला. उजाडण्याची वाट पाहिली नाही. सुतारकामाची हत्यारे बरोबर घेतली की नाही, हे मत्तय सांगत नाही. हेरोदाच्या शिपायांना वाटेतच आंधळे करणे परमेश्वराला अशक्य नव्हते. तसे त्याने केले नाही. एका बापाला वेळेवर सूचना दिली, पुढचे चालणे बापाचे होते. उलट, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सुचवणारा कोण होता, हे आपल्याला ठाऊक आहे. प्रभू येशूने ते ऐकले नाही.

मग नेहमी निघूनच जावे का? तसेही नाही. आज आपण पवित्र आत्म्याचा सण साजरा करीत आहोत. स्वर्गारोहणापूर्वी प्रभूने शिष्यांना यरुशलेम सोडू नका, थांबा, असेच सांगितले होते. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात तर एकाच प्रवासात दोन्ही गोष्टी आहेत. क्रीट बेटावर संत पौल सांगत होता की पुढे जाऊ नका, नुकसान होईल. शताधिपतीने त्याच्यापेक्षा तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. बहुमतही त्यांच्याच बाजूने होते. त्यातच दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सर्वांना वाटले, झाले आपल्या मनासारखे! नंतर तुफान आले. पुढे खलाशी होडी सोडून गुपचूप पळू लागले तेव्हा हाच पौल म्हणाला, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपायांनी दोर कापून होडी सोडून दिली. जहाज फुटले, पण २७६ माणसे किनाऱ्याला लागली.

तो मंद वारा आम्हाला फार ओळखीचा वाटतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाची सूचना आधीच मिळालेली असताना मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि कितीतरी कामगार घरी परतले नाहीत. याउलट २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कार्यालयात, शाळेत, अनोळखी माणसाच्या घरात जे रात्रभर थांबले, त्यांतले बहुतेक सुखरूप राहिले. घरी पोहोचण्याच्या ओढीने काहीजण पाण्यात उतरले, काहीजण बंद गाडीत अडकून गुदमरले. तेव्हा मुक्काम करणे हेच शहाणपण होते.

आता आमची एक चूक सांगतो. २ जून २०२०. निसर्ग वादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान किनाऱ्याला लागेल, असे हवामान खात्याने सांगितले होते. म्हणजे आपणही त्यात आलो. टाळेबंदीमुळे सार्वजनिक मिस्सा बंद होती, म्हणून आम्ही संध्याकाळी घरोघरी फोन करीत होतो. समुद्राकडच्या वाडीतील एक आजी म्हणाल्या, "फादर, घरात अल्तार आहे, दिवा लावलाय. मी कुठे जाऊ?" आम्ही थकलो होतो. म्हणालो, "बरे आजी, जपमाळ करा, परमेश्वर आहे." वर त्यांच्या श्रद्धेचे कौतुकही केले!

दुसऱ्या दिवशी वादळ दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. आजींचे पत्र्याचे छप्पर शाबूत राहिले. आम्हीही सुटकेचा श्वास टाकला आणि विसरून गेलो. काही महिन्यांनी त्यांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन गेलो, तेव्हा त्या हळूच बोलल्या. आजोबा अंथरुणाला खिळलेले. चारचौघांत त्यांचे कपडे कसे बदलणार? शाळेतल्या संडासापर्यंत त्यांना कोण नेणार? त्यात कोरोनाची भीती. अल्तार हे कारण नव्हते, लाज हे कारण होते. आम्ही तिला श्रद्धा समजलो, कारण तसे समजणे आम्हाला सोयीचे होते. "तुम्हाला अडचण काय आहे?" एवढे एकच विचारायचे राहून गेले.

म्हणून त्या भगिनीला आमचे उत्तर असे. मातीची भिंत, पत्र्याचे छप्पर, खाडीला किंवा समुद्राला लागून घर असेल आणि सूचना आली असेल, तर निघावे, आणि उजेड असताना निघावे. घर स्लॅबचे, उंचावर, पाणी न येणारे असेल आणि प्रशासनाने हलायला सांगितले नसेल, तर राहावे. मेन स्विच बंद करावा, खिडकीपासून दूर बसावे. वारा एकाएकी पडला तरी बाहेर येऊ नये. वादळाचा डोळा माथ्यावरून जाताना असेच शांत होते, मग उलट्या दिशेने वारा सुटतो. आणि ज्याचे घर पक्के आहे, त्याने शेजारच्या कच्च्या घराला आधीच सांगून ठेवावे की आमच्याकडे या. शाळेत जायची ज्यांना लाज वाटते, ते ओळखीच्या घरी येतील. आपण हट्टाने मागे राहिलो, तर आपल्याला काढायला होडी घेऊन येणाराही कुणाचा तरी मुलगा असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आजच्या दोन्ही मिस्सांनंतर संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद दरवाजाजवळ वही घेऊन बसतील. घरात अंथरुणाला खिळलेले, अपंग, एकटे राहणारे कुणी असल्यास नाव आणि वाडी लिहून द्या. उचलायला किती माणसे लागतील, तेही लिहा. धर्मशिक्षण वर्गाच्या सभागृहातील एक खोली पडदा लावून आजाऱ्यांसाठी वेगळी ठेवली आहे, संडास तिला लागूनच आहे. वहीतले पहिले नाव त्या आजींनी कालच सांगून ठेवले आहे.