हुकलेलं आणि लपवलेलं

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका रसास्वाद शिबिरात म्युझिक व्हिडिओतल्या दृश्यकथनावर बोलायला गेले होते. एका विद्यार्थ्याने मोठ्या तयारीने ‘धिस इज अमेरिका’ आणला होता. व्हिडिओ सुरू केला आणि मिनिटभराच्या आतच थांबवला. पडद्यावर लाल वर्तुळ उमटलं: ही राखाडी पँट अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैनिकांची. पुन्हा सुरू, पुन्हा थांबला: ही वाकडी उभं राहण्याची ढब जिम क्रोची. मग बराच वेळ मागे-पुढे करत त्याने ती चौकट शोधली, जिच्यात पार मागे, धूसर, एक पांढरा घोडा जातो. त्यावर टोपी ओढलेला स्वार. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला मृत्यूचा घोडा, तो म्हणाला. चार मिनिटांचा व्हिडिओ आम्ही पाऊण तास पाहत होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा हुशार होता, त्याची मेहनतही खरी होती. पण तो व्हिडिओ आम्ही पाहिलाच नाही, असं वाटत मी बाहेर पडले.

ही अस्वस्थता त्या एका मुलापुरती नाही. अंधाऱ्या, हिंसक, गोष्ट सांगणाऱ्या व्हिडिओंबद्दल आज जे बोललं जातं त्यातलं बहुतेक याच साच्याचं असतं. चौकट थांबवायची, वस्तू शोधायची, वस्तूचा अर्थ सांगायचा आणि पुढच्या वस्तूकडे जायचं. जितक्या वस्तू, तितकं विश्लेषण सखोल. असे व्हिडिओ हिंसेला चटकदार करतात म्हणणाऱ्यांनी ते बहुधा शेवटपर्यंत पाहिलेले नसतात. आणि ‘शेवटी ही गाण्याची जाहिरातच’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की राजाच्या पैशाने कोरली म्हणून लेणी पाहायची थांबत नाहीत. माझं भांडण या दोघांशी नाही. ते प्रतीकं सोडवणाऱ्यांशी आहे, कारण ते मनापासून पाहतात आणि तरीही, माझ्या मते, नेमकी गोष्ट गमावतात.

व्हिडिओ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. मे 2018मध्ये तो आला. डॉनल्ड ग्लोव्हर हा नट, लेखक आणि गायक. हे गाणं त्याने चाइल्डिश गॅम्बिनो या नावाने गायलं. दिग्दर्शक हिरो मुराई, छायाचित्रण लार्किन सायपल, नृत्यदिग्दर्शन शेरी सिल्व्हर. पुढच्या वर्षी या गाण्याला चार ग्रॅमी मिळाले. जागा एकच, रिकामं प्रचंड गोदाम. एक माणूस खुर्चीत बसून गिटार वाजवतो. कॅमेरा सरकत जातो तर पलीकडे ग्लोव्हर उघड्या अंगाने पाठमोरा उभा. तो वळतो, चेहरे करत, अंगाला विचित्र झोले देत पुढे येतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर फिरतो. फिरून येईपर्यंत गिटारवाल्याच्या डोक्यावर पिशवी चढलेली असते. ग्लोव्हर त्याच्या डोक्यात गोळी घालतो. त्याच क्षणी गाण्यातली हलकी, अंगणात म्हणावी तशी चाल तुटते आणि खालून जड, घुमणारा ठेका सुरू होतो. एक शाळकरी मुलगा लाल कापड घेऊन धावत येतो आणि पिस्तूल त्यात अलगद घेतो. माणूस मात्र जमिनीवरून फरपटत नेला जातो.

हे कापड म्हणजे प्रतीक आहे, यात वाद नाही. बंदूक जपायची आणि माणूस ओढून टाकायचा, हे कुणालाही कळतं. त्यासाठी लाल वर्तुळ लागत नाही. प्रश्न असा की ते का टोचतं? माझं उत्तर साधं आहे. कापड आणि प्रेत एकाच अखंड शॉटमध्ये आहेत. मध्ये ‘आता हे बघा’ म्हणणारा एकही कट नाही. कट म्हणजे दिग्दर्शकाने आपल्या हनुवटीला बोट लावून मान वळवणं. इथे मान कुणीच वळवत नाही. ग्लोव्हर चालू लागतो, आपल्याकडे तोंड करून गाऊ लागतो, आणि आपण त्याच्यामागे निघतो. प्रेत चौकटीच्या कडेला जातं, कारण आपण निघालो.

लांब शॉट आणि खोल चौकट यांबद्दल आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत जे लिहिलं ते फिल्म सोसायटीच्या पिढीला तोंडपाठ आहे. कट न करता पुढचं-मागचं सगळं दाखवलं की कुठे पाहायचं हे प्रेक्षक स्वतः ठरवतो, असं त्याचं म्हणणं. त्याला ते स्वातंत्र्य वाटलं. मुराईने हे स्वातंत्र्य घेतलं आणि त्याच्यापुढे आमिष ठेवलं. पुढे शाळेच्या गणवेशातली मुलं ग्लोव्हरबरोबर नाचतात. आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या तेव्हाच्या लोकप्रिय नाचांच्या हालचाली, सगळ्यांचे पाय एकदम उचललेले, चेहरे कॅमेऱ्याकडे, चेहऱ्यांवर हसू. माणसाचा डोळा चेहऱ्याकडे जातो, एका तालात हलणाऱ्या अंगांकडे जातो. हे शिकवावं लागत नाही. मागे लोक धावतात, मारामारी होते, पोलिसांची गाडी येते, घोडा जातो. हे सगळं चौकटीत आहे. झाकलेलं काहीही नाही. फक्त आपण नाच पाहत असतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला पहिल्या खेपेला घोडा दिसला नव्हता. दुसऱ्या खेपेलाही नाही. कुणीतरी सांगितल्यावर तो दिसला आणि पोटात गोळा आला. घोड्याचा अर्थ कळला म्हणून नव्हे. एवढं मोठं जनावर माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी नाचणाऱ्या पोरांकडे पाहून मान डोलवत होते, हे कळलं म्हणून.

म्हणून मला दोन गोष्टींमध्ये फरक करावासा वाटतो. त्या सर्रास एक समजल्या जातात. एक ‘लपवलेलं’, दुसरं ‘हुकलेलं’. लपवलेली गोष्ट करणाऱ्याने दडवलेली असते. ती शोधली की शोधणारा जिंकतो. हुकलेली गोष्ट समोरच असते. ती नंतर सापडली की ज्याला सापडली तो जिंकत नाही, उघडा पडतो. प्रतीक सोडवणारे हुकलेल्याला लपवलेलं समजतात. घोडा त्यांना खजिन्यासारखा सापडतो. आणि सापडल्याचा आनंद झाला की आपल्याला तो आधी का दिसला नाही, हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न मिटून जातो.

या पद्धतीचा मुख्य दोष तिच्या हत्यारातच आहे. ते हत्यार म्हणजे थांबवणं. घोड्याला हुकवण्यासाठी चार गोष्टी एकदम चालू लागतात: ठेका, नाच, सरकता कॅमेरा आणि आपली वाहत जाणारी नजर. चौकट थांबवली की चारही बंद पडतात. उरतो तो घोड्याचा फोटो. फोटोवर भाष्य करून व्हिडिओवर भाष्य केल्याचं समाधान मिळवणं म्हणजे ताल काढून टाकून लावणी समजावून सांगणं. गाण्याचा व्हिडिओ काळात घडतो, आणि त्यातली हिंसा काळातच आपल्या अंगावर येते किंवा येत नाही.

दुसरा दोष, या वाचनाला हरणं माहीत नाही. त्याच राखाडी पँटकडे बोट दाखवून कुणी दक्षिणेचा सैनिक म्हणतो, तर कुणी उघड्या अंगाकडे पाहून नायजेरियाचा फेला कुटी आठवतो. एक गुलामी टिकवायला लढलेला, दुसरा लष्करी सत्तेविरुद्ध गाणारा. दोन्ही अर्थ एकमेकांना छेद देतात, तरी दोन्ही सांगणारे तितकेच खूश. गाणं थांबून शांतता पसरते तिथले सेकंद मोजून कुठल्या हत्याकांडातल्या मृतांचा आकडा जुळतो हे पाहणारेही होते. जे वाचन चुकूच शकत नाही त्यातून काही कळतही नाही. स्वतः ग्लोव्हरने अर्थ उलगडून सांगायचं टाळलं, तर तेही आणखी एक कोडं म्हणून वाचलं गेलं.

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो शिबिरातल्याच एका मुलीने घेतला. पुण्यात बसलेल्या माणसाला जिम क्रो कसा माहीत असणार? एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ करत आणि ती ढब तिथून आली, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. समूहगान गाणाऱ्यांवर ग्लोव्हर रायफल चालवतो तेव्हा 17 जून 2015 रोजी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने मारलं, हे अमेरिकी प्रेक्षकाला आठवावं लागत नाही. आपल्याला आठवूच शकत नाही. तिचं बरोबर आहे. माहिती हवी. मीही ती वाचूनच मिळवली. पण माहिती काय करते? समूहगानाचा प्रसंग आणखी भयानक करते. घोडा मात्र माहिती असलेल्यालाही हुकतो आणि नसलेल्यालाही. चार्ल्सटन ठाऊक असलेला माणूसही नाच सुरू झाला की नाचच पाहतो. व्हिडिओची खरी करामत माहितीच्या अलीकडची आहे, म्हणून ती माझ्यासारखीलाही पकडते.

लपवलेलं असतं तिथे शोधाशोध योग्यच. रेडिओहेडच्या 1995च्या ‘जस्ट’ या गाण्यासाठी जेमी थ्रेव्ह्जने केलेला व्हिडिओ घ्या. एक माणूस फुटपाथवर आडवा पडतो, लोक जमतात, का पडलास म्हणून विचारतात, संवाद खाली लिहून येतात. शेवटी तो कारण सांगतो, आणि नेमकं तेव्हाच खालची अक्षरं नाहीशी होतात. कारण ऐकून सगळेच रस्त्यावर आडवे होतात. त्याच्या ओठांवरून शब्द ओळखायचा प्रयत्न लोकांनी वर्षानुवर्षं केला. करावाच, कारण दिग्दर्शकाने ते उघडपणे काढून घेतलं आहे आणि आजवर सांगितलेलं नाही.

याहून वाईट लपवणंही असतं. पर्ल जॅमचा ‘जेरेमी’, मार्क पेलिंग्टनने 1992मध्ये केलेला. टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलाने वर्गासमोर स्वतःला गोळी घातल्याच्या बातमीवरून ते गाणं झालं. व्हिडिओच्या शेवटी मुलगा पिस्तूल तोंडात धरतो, पण वाहिनीवर दाखवायच्या प्रतीतून ते दृश्य काढलं गेलं. उरला मुलाचा चेहरा आणि नंतर रक्ताचे शिंतोडे उडालेली, जागच्या जागी थिजलेली वर्गातली मुलं. परिणाम उलटा झाला. त्याने वर्गमित्रांना मारलं, असाच समज पुष्कळांचा झाला. एक कट, आणि स्वतःला संपवणारा मुलगा खुनी ठरला. न कापलेली आवृत्ती बँडने 2020मध्ये अधिकृतपणे खुली केली, म्हणजे जवळपास तीन दशकांनी. इथे काय दडवलं हे शोधून काढणं हे समीक्षकाचं कामच होतं.

पण ‘धिस इज अमेरिका’ला हेच हत्यार लावलं की ‘जेरेमी’ आणि तो एका जातीचे ठरतात. तसे ते नाहीत. एकात वाहिनीने आपले डोळे बांधले. दुसऱ्यात डोळे उघडे होते. जोनाथन ग्लेझरने 1997मध्ये रेडिओहेडच्याच ‘कर्मा पोलीस’साठी कॅमेरा गाडीत पुढच्या बाजूला ठेवला. दिव्यांच्या झोतात एक माणूस जीव घेऊन पळतो आणि गाडी कोण चालवतं ते कधीच दिसत नाही, कारण त्या जागी आपण बसलेलो असतो. माझ्या लेखी मुराईचं गोत्र हे आहे. दोघांच्या व्हिडिओंत विचारायचा प्रश्न ‘याचा अर्थ काय’ हा नाहीच. ‘मला कुठे बसवलंय’ हा आहे.

दुसऱ्या दिवशी शिबिरात मी तोच व्हिडिओ न थांबवता लावला. मुलं आता तयार होती. घोडा आला तशी सगळ्यांची बोटं एकदम पडद्यावरच्या त्या कोपऱ्याकडे गेली. संपल्यावर मी विचारलं, घोडा गेला तेव्हा ग्लोव्हरचा चेहरा कसा होता? बराच वेळ कुणी बोललं नाही. लाल वर्तुळं काढणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, चेहऱ्याकडे बघितलंच नाही.”

मी शेवटचा भाग पुन्हा लावला. गोदाम आता पूर्ण अंधारात आहे. ग्लोव्हर कॅमेऱ्याकडे धावत येतो, डोळे फाटलेले, घामाने अंग चकाकणारं. कॅमेरा आधीसारखाच त्याच्यापुढे मागे-मागे सरकतो, पण आता नाच नाही, मुलं नाहीत, हसू नाही. त्याच्या खांद्यांमागून लोक धावत येताहेत, इतके धूसर की एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. मुलं या वेळी कुठेच बोट दाखवत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.