काचेच्या पेटीतला भेक

पावसाळा लागला की वालीवच्या काही घरांत माशांच्या रिकाम्या काचपेटीत नवा पाहुणा येतो. गाळ्यांबाहेर दिव्याखाली किडे टिपायला बसलेला भेक, म्हणजे खरखरीत पाठीचा, उड्या मारण्यापेक्षा सरकणेच पसंत करणारा बेडूक, मुले उचलून आणतात. त्याला नाव देतात, त्याच्यासाठी झुरळे पकडतात. मग आईवडील विचारतात, "फादर, हे बरे की वाईट?" प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी म्हटले की प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत. मात्र त्यांच्याशी क्रूरपणे वागू नये, कारण तशी सवय लागलेला माणूस पुढे माणसांशीही क्रूर होतो. पाचशे वर्षांनी कान्टनेही जवळजवळ हेच सांगितले. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले. पण आपल्या मुलाला हे उत्तर लागू पडत नाही, कारण तो क्रूर नाहीच. त्याचा त्या भेकावर जीव आहे. शिवाय या सगळ्या युक्तिवादात भेक स्वतः कुठेच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रात ती उणीव भरून काढली, असे मला वाटते. आपल्याला उपयोग असो वा नसो, प्रत्येक जिवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, असे ते सांगतात.

मग भेक म्हणजे काय, ते पाहू या. तो तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषून घेतो. त्यामुळे पाण्यातले औषध आणि आपल्या हाताचा साबणही त्याच्या अंगात जाऊ शकतो. हललेले भक्ष्यच त्याला दिसते. मेलेली माशी समोर ठेवली तरी तो सहसा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असते, म्हणून त्याला तोंडात धरणाऱ्या कुत्र्याला फेस येतो. (मुलांनो, हात धुवा, आधीही आणि नंतरही.) पहिल्या पावसात तो साचलेल्या पाण्याकडे जातो, रात्रभर मादीला साद घालतो, आणि मादी माळेसारख्या लांब दोऱ्यांत हजारो अंडी घालते. पेटीत तो जगतो, खातो, कदाचित बाहेरच्यापेक्षा जास्त वर्षे काढतो. पण ही साद कुणाला घालायची? कुत्रा हजारो वर्षांपासून माणसाच्या सोबतीने राहत आला आहे, त्याला आपण हवे असतो. भेकाला आपण नको असतो. त्याची जी काळजी आपण घेतो, तिची गरज आपणच निर्माण केलेली असते.

यावर एका मुलाने मला जे ऐकवले, त्याचे उत्तर सोपे नाही. "बाहेर सोडला तर ट्रकखाली जाईल, आणि त्याचे डबके तर भरून टाकलेय." खरे आहे. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरणारे पाणी जिथे थांबायचे, त्या भाताच्या खाचरांत भराव पडला आणि गाळे उभे राहिले. २०१८ च्या जुलैत वसई पाण्यात बुडाली, तेव्हा पाण्याला थांबायला जागा हवी असते हे आपल्यालाही कळले. पण पेटीतला एक भेक म्हणजे वाचलेले डबके नव्हे. त्याच्यामागे दुसरा भेक येणार नाही. घरामागचा खोलगट तुकडा भरावाविना राहू द्यायचा की नाही, हा प्रश्न मुलाचा नाही, सातबारा ज्यांच्या नावावर आहे त्यांचा आहे. पोराला रागावणे त्यापेक्षा फार स्वस्त पडते.

आता मुलांसाठी. ओल्या हाताने उचला, निरखून पाहा, आणि त्याच रात्री, जिथून आणला तिथेच, रस्त्यापासून आतल्या बाजूला सोडा. ज्यांनी महिनोन्महिने ठेवला आहे, विशेषतः दुकानातून आणलेल्या मासे-कासवांच्या सोबत, त्यांनी तो घाईने नाल्यात सोडू नये. पेटीतला रोग त्याच्याबरोबर बाहेरच्या बेडकांत जातो. आधी प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारावे. आणि तोवर त्याला सांभाळणे हे मात्र तुमचे कर्तव्य आहे, कंटाळा आला तरी.