ऋषिऋण कोणाच्या नावावर?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात नाकाडोंगरीच्या पट्ट्यात वर धानाच्या बांध्या आहेत आणि जमिनीखाली मॅंगनीज. याच पट्ट्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत निघणारे मॅंगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरले जाते. बॅटरीच्या सेलवर कंपनीचे नाव छापलेले असते, खाणीचे नसते. व्यापारात हे चालून जाते. ज्ञानाच्या बाबतीत मात्र प्रश्न टोकदार होतो : कर्म एकाचे, फळ अनेकांच्या हाती; मग ते कोणाच्या नावावर मांडायचे?

या जुन्या प्रश्नाचे उत्तर आता आकड्यात दिले जाते. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. एखाद्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ घेतला गेला असेल आणि अकरा निबंधांचा प्रत्येकी किमान अकरा वेळा घेतला गेला नसेल, तर त्याचा निर्देशांक दहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या निबंधांना गुण लावले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना बरकत आली. मग खरी नियतकालिके निवडण्यासाठी २०१८ मध्ये ‘केअर’ नावाची वेगळी व्यवस्था उभारावी लागली.

या तराजूत दामोदर धर्मानंद कोसंबी यांना घालून पाहावे. १९०७ मध्ये गोव्यातल्या कोसबेन गावी जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन आणि पुढे १९६२ पर्यंत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. त्यांच्या लेखनाची यादी कोणत्याही एका खात्यात मावत नाही. १९३३ मध्ये त्यांनी जर्मन नियतकालिकात भूमितीवर निबंध लिहिला आणि त्यावर गणितज्ञ एली कार्तां यांनी टिपण जोडले. १९३९ मध्ये गणितज्ञ चर्न यांची भर पडली आणि तिघांच्या नावाने एक सिद्धान्त रूढ झाला. इथे श्रेय नीट वाटले गेले. पण १९४३ मध्ये कोसंबींनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात जी सांख्यिकी पद्धत मांडली, ती कारहुनेन आणि लोएव्ह यांनी नंतर स्वतंत्रपणे मांडली आणि जगभर त्याच दोघांच्या नावाने चालली. तिच्यामागे कोसंबींचे नाव जोडणारे अभ्यासक आजही थोडेच.

सर्वात विलक्षण गोष्ट त्यांच्या चार पानांच्या एका निबंधाची. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांची ताटातूट किती संततीत होते, यावरून त्यांच्यातले अंतर काढतात. पण दोघांच्या मध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली, तर ती मोजणीत दिसतच नाही. शिवाय एका जागी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याला अडथळा येतो. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरून नवे सूत्र दिले. १९४४ च्या या सूत्राने भातासह कितीतरी पिकांचे जनुकीय नकाशे काढले गेले. संगणकाच्या कार्यक्रमात ‘कोसंबी’ हा पर्याय निवडला की काम होते. मूळ निबंध उघडण्याची गरज उरत नाही. काम इतके मुरले की त्याचा संदर्भ देणेच मागे पडत गेले. मोजणीच्या दृष्टीने हा तोटा आहे. विचार सर्वांचा होऊन जाणे, याहून मोठे यश मात्र संशोधकाला मिळत नाही.

याच माणसाने प्राचीन आहत (ठसे उमटवलेल्या) नाण्यांचा झिजेवरून काळ लावण्यासाठी चलनातली आधुनिक नाणीही तोलून पाहिली, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये काढली आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारा ग्रंथ लिहिला. इतिहासाचे वाचक गणित उघडत नाहीत आणि जनुकशास्त्रज्ञांना भर्तृहरी लागत नाही. १९५९ मध्ये गणितातल्या रीमानच्या गृहीतकाबद्दल त्यांनी केलेला दावा चुकीचा ठरला आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. पुढे काही गणिती निबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने छापले. मग हे खाते नक्की कोणाचे?

हा प्रश्न त्यांच्या घरात आधीच येऊन गेला होता. वडील धर्मानंद कोसंबी यांनी बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनावर हार्वर्डमध्ये काम केले. ते काम हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केले होते. वॉरन १८९९ मध्ये वारले. धर्मानंदांनी १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये : संपादक म्हणून वॉरन आणि संस्करण करणारे म्हणून धर्मानंद. तेव्हा दोघेही हयात नव्हते. आणि त्या ग्रंथाचा विचार तरी काय? कर्म घडते, फळ येते, पण त्यांच्या मागे कायमचा असा कर्ता शोधूनही सापडत नाही.

मग श्रेयाची नोंद करूच नये का? करावी, पण दिशा बदलून. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांची कल्पना आहे, त्यातले ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाच्या व्रताने, फिटते. तळटीप म्हणजे या ऋणाची पोच आहे. ती घेणाऱ्याने लिहायची असते. देणाऱ्याने तिची बेरीज करून पगारवाढ मागायची नसते. मूळ वचन मात्र ब्राह्मणापुरते होते आणि ज्ञानाचे ऋण होते फक्त ऋषींचे. ही मर्यादा आजच्या संदर्भसूच्यांनीही पुरती ओलांडलेली नाही.

नाकाडोंगरीच्या भूगर्भाचेच पाहा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये देशातल्या मॅंगनीजवर हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गार्नेट आणि गारगोटी यांच्या एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. मध्य भारतातल्या मॅंगनीजवर आज कोणी लिहिले, तरी फर्मरचा संदर्भ येतोच आणि तो यायलाच हवा. पण त्या काळी खाणी चालू झाल्या होत्या. खडक उघडा पडला तो खणणाऱ्या हातांनी, आणि संदर्भसूचीत त्या हातांसाठी रकानाच नाही. जमातीचे नाव खडकाला मिळाले एवढ्याने हे ऋण फिटले, असे मानता येत नाही.

तुमसर, भंडारा आणि नागपूरचे अनेक विद्यार्थी याच खडकांवर आणि याच धानावर प्रबंध लिहू शकतात. त्यांनी निर्देशांक वाढवण्याची घाई करू नये. कोसंबींचे सूत्र वापरले तर १९४४ चा तो चार पानी निबंध आधी वाचावा आणि त्याचा संदर्भ द्यावा. आणि ऋणनिर्देशात मार्गदर्शकाच्या नावाबरोबर, ज्याने खाणीतला नमुना काढून दिला, ज्याने आपल्या बांधीतल्या लोंब्या तोडू दिल्या, त्याचे नाव त्याला विचारून, गावासकट लिहावे.