हिज्कीयाचे भांडार आणि नवी मोटारसायकल

नवी वस्तू घेतली आणि ती मित्रांना दाखवाविशी वाटली नाही, असा मनुष्य विरळाच. बेळगावसारख्या गावी रविवारची उपासना आटोपली की मंदिराच्या आवारात कधीमधी एखाद्या नव्या मोटारसायकलीभोवती तरुणांचे कडे पडते. लांब पल्ल्याच्या या गाड्या लपवू म्हटले तरी लपत नाहीत. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली निघाली तेव्हा तिचे वजन दोनशे किलोच्या घरात होते. २०२३ साली तिचीच ४५२ सीसीची नवी आवृत्ती आली, तिची टाकी १७ लिटरची. मालक सांगत असतो, आधी चोर्ला घाटातून पणजी, मग कधीतरी लेह. कोणी बैठकीवर हात फिरवतो, कोणी बसून पाहतो, कोणी हळूच किंमत विचारतो. आणि मंदिराच्या पायऱ्या उतरणारा एखादा वडीलधारा मनात म्हणतो, "गर्व, दुसरे काय!"

त्याचे म्हणणे बरोबर आहे काय? एवढा मोठा शब्द इतक्या लवकर वापरू नये असे मला वाटते. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील ती बाई आठवावी. दहा नाण्यांपैकी हरवलेले एक नाणे सापडताच ती मैत्रिणींना व शेजारणींना बोलावते. ते नाणे काही दानपेटीतले नव्हते, तिच्या स्वतःच्या मालकीचा पैसा होता. तरी स्वर्गातील आनंद कसा असतो हे सांगण्यासाठी प्रभूला तिचाच आनंद पुरेसा वाटला. आपल्या वस्तूचा आनंद चारचौघांत वाटणे हेच पाप असते, तर हा दाखला दिला गेला नसता.

परंतु पवित्र शास्त्रात दुसरीही एक गोष्ट आहे. यहूदाचा राजा हिज्कीया मरणाच्या दुखण्यातून उठला. बाबेलच्या राजाने पत्रे व भेट देऊन दूत पाठवले. हिज्कीयाने त्यांना सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, मोलवान तेल, शस्त्रागार असे सगळे दाखवले. दाखवायचे म्हणून काही राहिले नाही. मग यशया संदेष्टा आला आणि त्याने साधीच चौकशी केली, की ही माणसे कोठून आली व त्यांनी तुझ्या घरात काय पाहिले. हे सर्व एके दिवशी बाबेलला नेले जाईल, हा निरोप त्यानंतरचा. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील २० व्या अध्यायाबरोबर इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातील ३२ वा अध्याय वाचावा, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ते दूत देशात घडलेल्या अद्भुत चिन्हाची चौकशी करायला आले होते. विचारायला आले चिन्हाविषयी, आणि पाहून गेले तिजोरी!

बाई आणि राजा यांच्यात फरक कोठे पडला? दाखवण्यात नव्हे, दोघांनीही दाखवलेच. बाईच्या शेजारणींना तिची धांदल ठाऊक होती. तिने दिवा लावला, घर झाडून काढले, कोपरे धुंडाळले. म्हणून तिच्या आनंदात त्यांना शिरायला जागा होती. बाबेलच्या दूतांना हिज्कीयाच्या भांडारात तशी जागा नव्हती. त्यांना नुसते पाहायचे आणि मोजायचे होते. पाहणाऱ्याला आपण सोबती करतो की प्रेक्षक, येथे माझ्या मते खरी मेख आहे.

त्या तरुणांच्या कड्यात एक जण नेहमी थोडा बाहेर उभा असतो. त्याच्या बापाची नोकरी गेलेली असेल, किंवा बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटायचे असेल. गाडीचा मालक सहज बोलून जातो, "अरे, तू पण घेऊन टाक, हप्त्यांवर मिळते." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ऐकणारा त्या दिवशी आपल्या जुन्या स्कूटरला लाथ मारताना आवारात कोणी नाही ना, हे आधी पाहून घेतो. त्याच्या हेव्याला जबाबदार कोण? दहावी आज्ञा पाहणाऱ्याला दिलेली आहे, हे खरे. शेजाऱ्याचा बैल, शेजाऱ्याचे गाढव, म्हणजे त्या काळची वाहनेच की! तेव्हा हेवा करणाऱ्याने आपला हिशेब आपणच द्यावा. मात्र पौलाने रोमकरांस लिहिताना आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक ही दोन्ही कामे एकाच दमात सांगितली. पहिल्याची अपेक्षा मित्राकडून करायची आणि दुसरे स्वतः विसरायचे, हा व्यवहार एकतर्फी झाला.

काही जण यावर उपाय म्हणून गाडी मंदिरामागे लावतात, किंमत निम्मी सांगतात, "जुनीच घेतली" म्हणतात. हे मला उघड फुशारकीपेक्षा बरे वाटत नाही. त्यात खोटे तर आहेच, शिवाय लोक काय म्हणतील याचाच विचार चोवीस तास चालू असतो. नव्या गाडीवर पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थना करून घेण्याची आपल्यात रीत आहे, ती चांगली आहे. मात्र त्या प्रार्थनेला कोणाकोणाला बोलावले, याची यादी एकदा पाहावी.

कोणी म्हणेल, मग किल्ली मित्राच्या हाती द्या, झाला वाटून आनंद. तेही सरसकट नको. परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मालकाचाही गुन्हा आहे, आणि अवजड गाडी शिकाऊ हातात अनर्थ करते. पण या गाड्यांना मागे एक बैठक असते. कड्याबाहेरच्या त्या मित्राला मागे बसवून, त्याच्याही डोक्यावर शिरस्त्राण घालून, आंबोलीपर्यंत नेऊन आणायला फारसे पेट्रोल लागत नाही. वाटेत त्याच्या बापाची चौकशीही करता येते.

शब्बाथ शाळेत हिज्कीयाचा पाठ घेताना एखादे चुणचुणीत मूल विचारील, मग राजाने पाहुण्यांना दाखवायचे तरी काय होते? शिक्षकांनी हा प्रश्न टाळू नये. आहाजाच्या पायऱ्या तेथेच होत्या. राजा बरा होईल याची खूण म्हणून त्यांच्यावरून सावली दहा पायऱ्या मागे सरली होती. गळवावर बांधलेल्या अंजिरांच्या पोटिसाची हकीकतही सांगता आली असती. दूत विचारत होते ते हेच, आणि त्या पायऱ्यांवर उचलून नेण्याजोगे काहीच नव्हते.