आपल्या हाती काय आहे?

शेजाऱ्यावर संकट आले असता आपल्यापैकी पुष्कळांच्या मुखातून एकच वाक्य निघते: "आम्ही गरीब माणसे, आमच्या हाती काय आहे?" हे बोलणे नम्रतेचे वाटते खरे, परंतु ते नेहमी नम्रतेतूनच निघते काय, ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

परोपकार म्हणजे देणगी, असे ज्यांस वाटते त्यांच्या मते ज्याच्यापाशी धन किंवा विद्या आहे तोच उपकार करण्यास समर्थ होय. परंतु संकटात पडलेल्याची पहिली गरज पुष्कळदा धनाची नसते. योग्य वेळी जवळ असणाऱ्या माणसाची असते. आणि शेजाऱ्याइतके जवळ दुसरे कोण आहे?

आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेड तालुका आहे. तेथे 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने खेड्यांतील आरोग्याचे काम आरंभिले. शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. पण परक्या बाईचे सांगणे गावच्या बायांस पटेना. तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया निवडून त्यांस शिकविले. त्यांतील कित्येकींस अक्षरओळख नव्हती, आणि कित्येक तर गावाने दूर ठेविलेल्या जातींतल्या होत्या. त्या जामखेडास येऊन शिकत आणि परत जाऊन घरोघर शिकवीत. आरोळे दांपत्यास 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु ते काम उभे राहिले ते ह्या बायांच्या पायांवर.

त्या काय शिकल्या, ह्याचे एकच उदाहरण घेऊ. जुलाबाने मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. उकळून निवविलेले एक लिटर पाणी, त्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. हे घोटघोट पाजीत राहिल्यास पुष्कळ मुले वाचतात. मूल सुस्त झाले, पाणी पोटात ठरेना किंवा जुलाबातून रक्त पडले, तर मात्र त्यास विलंब न करिता दवाखान्यात न्यावे. मिठाचे माप चुकून अधिक झाल्यास अपाय होतो. म्हणून केवळ कळवळा पुरत नाही; माप शिकावे लागते. अज्ञानी दयेने रोग्याचे हित होतेच असे नाही.

ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जिच्या हातचे पाणी एके काळी गावास चालत नसे, तिच्याच हातचे पाणी आजारी लेकराच्या ओठांस लावण्याची वेळ आली. अपमान सोसलेल्या बाईने त्या उंबऱ्याशी जाणे, हे द्रव्यदानाहून लहान काम नव्हे.

कोणी म्हणेल, एक मूल वाचल्याने गावाचे दारिद्र्य हटते काय? हटत नाही, त्यासाठी सरकारने व श्रीमंतांनी आपले कर्तव्य केलेच पाहिजे. परंतु त्या आईस हा प्रश्न विचारून पाहा. शिवाय धन दिल्याने घटते. विद्या दिल्याने घटत नाही. एका आईस माप शिकविले तर ती दहा जणींस शिकवील.

तर मग, "आमच्या हाती काय आहे?" हा प्रश्न आपण अवश्य विचारावा, पण दार लावून घेताना नव्हे, दार उघडून बाहेर निघताना.