परदेशगमन आणि पुंडलिकाची वीट

परदेशगमन हे पाप की पुण्य, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पतनीय कर्मांत, म्हणजे माणसाला पतित करणाऱ्या कर्मांत केली. पुढच्या निबंधकारांनी तर समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवणे कलिवर्ज्य ठरविले. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीने त्यांना वाळीत टाकले. तेच गांधी १९३६ पासून आपल्या वर्धेजवळच्या सेवाग्रामी येऊन राहिले, आणि मग परदेशचीच माणसे त्यांना शोधीत इथवर आली!

आता वारा उलटा फिरला आहे. पूर्वी जाणाऱ्याला नावे ठेवीत, आता न जाणाऱ्याला ठेवतात. ‘अजून विमानात नाही बसला?’ असे लग्नाच्या मांडवात विचारतात. पण आपल्या देशात शंभरांतल्या दहा जणांपाशीही पासपोर्ट नाही. त्यांना काय बौधायनाने अडविले? छे! पासपोर्टाची १५०० रुपये फी एखादा कशीबशी भरील. विमानाचे तिकीट कोठून आणावे? शेतात पऱ्हाटी उभी, गोठ्यात गाय, घरी अंथरुणाला खिळलेली आई. ह्या राहण्याला अडाणीपणा म्हणू नये, आणि उगीच वैराग्य म्हणून त्याचा गौरवही करू नये. न जमणे वेगळे, नको असणे वेगळे.

खरा पेच वारकऱ्याचा आहे. कीर्तन आटोपले की एखादी माउली बाजूला येऊन हळूच विचारते, “महाराज, लेकीचं बाळंतपण हाये अमेरिकेत. पोरीनं बलावलं. पण आषाढी चुकते नं! जाऊ का नको जाऊ?”

ह्याचे उत्तर पोथीत हुडकायला नको. ते विटेवर उभे आहे. देव द्वारका सोडून भीमातीरी आला, तेव्हा पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. तो उठला नाही. त्याने वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावला काय? नाही. कर कटेवर ठेवून थांबला तो थांबलाच! जो पुंडलिकाच्या दारी युगे थांबला, तो ह्या माउलीसाठी एक आषाढी नाही थांबणार? नेम चुकतो हे खरे. तो चुकलाच नाही अशी पळवाट काढू नये. परत आल्यावर कार्तिकीला जावे, चंद्रभागेत स्नान करावे आणि देवाला सांगावे, ‘तुझ्याच पुंडलिकाचे ऐकले.’

पण ही वीट दुसऱ्या बाजूनेही लागते. आषाढात स्वस्त तिकीट मिळाले म्हणून सहलीला गेलेल्याने पुंडलिकाचे नाव घेऊ नये. आणि आईबापांना इथे एकटे टाकून तिकडे रमलेल्या लेकाला नुसते पैसे धाडून ही वीट चुकविता येत नाही. पाय चेपायला हात लागतात. पोटासाठी जाणे भागच असेल तर जावे, पण मागे हात कोणाचे राहतील ह्याची सोय आधी करावी.

जाण्याचा नमुनाही आपल्याच जिल्ह्यात आहे. पवनारचे विनोबा १९५१ पासून १३ वर्षे भूमिहीनांसाठी जमीन मागत पायी फिरले. १९६२ च्या सप्टेंबरात ते त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून चालत गेले, आणि तेथेही त्यांना भूदान मिळाले. सरहद्द ओलांडली, पण काम बदलले नाही, मागणे बदलले नाही.

म्हणून कोणी किती देश पाहिले हे विचारू नये. गेला तो कोणाच्या सेवेला गेला, राहिला तो कोणाच्या सेवेला राहिला, एवढेच पाहावे. सेवेवाचून गेला तो नुसता हिंडला. सेवेवाचून राहिला तो नुसता बसला. रामकृष्णहरि.